अंदाजपत्रकाच्या आधी

पाचशे-सातशे वस्तीच्या गावात गल्लीतला सिमेंट रस्ता करायचा झाला, तरी तो विषय ग्रामसभेत मांडता येतो. ग्रामसभा प्रत्यक्षात किती भरते आणि सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरवून कोरम कसा पुरा होतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. तरीही कायद्याने ती जागा राखून ठेवली आहे, आणि कुणाला भांडायचेच असेल तर तिथे उभे राहून भांडता येते. हिंगोली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८५ हजारांच्या वर गेली होती. तिथल्या माणसाला मात्र अशी एकही जागा उपलब्ध नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्यांची सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तिन्ही नगर परिषदा त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. २००९ मध्ये राज्याने महापालिका आणि नगर परिषदांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. केंद्राच्या शहर विकास निधीसाठी ती अट होती, म्हणून ती आली आणि कागदावरच राहिली. गावातून शहरात राहायला आलेला माणूस नळ, पथदिवा, दवाखाना मिळवतो, पण घरासमोरच्या रस्त्याबद्दल विचारले जाण्याचा हक्क वेशीवर ठेवून येतो.

यावर नगरसेवक असतो की, असे म्हटले जाते. असतो, पण नेहमी नसतो. या तिन्ही नगर परिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला आणि त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची होती. रस्ते त्या काळातही झाले, निधी आला, निविदा निघाल्या, उद्घाटनाचे फलक लागले. सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र प्रशासकाच्या एका सहीने होत होता. आता सभागृह पुन्हा भरले आहे, नवे नगरसेवक आपापल्या प्रभागात रस्ते मागणार आहेत. म्हणूनच रस्ता ज्यांच्या दारातून जातो त्यांना नेमके कधी विचारायचे, हा प्रश्न आत्ताच काढायला हवा. माझे म्हणणे एवढेच आहे की अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळण्याआधी विचारायला हवे. त्यानंतर कितीही बैठका घेतल्या तरी त्यांना अर्थ उरत नाही.

याचे कारण सरकारी कामाच्या क्रमात आहे. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. रस्त्याची रुंदी, उंची, नालीची खोली, दुभाजक असणार की नाही, पाण्याची आणि केबलची वाट कुठून, हे सारे अंदाजपत्रकात आकड्यांनी गोठते. कंत्राटदाराचा दर त्या आकड्यांवर बेतलेला असतो. पुढे कुणी म्हणाले की नाली फूटभर खोल हवी होती, तर ते वाढीव काम ठरते. त्याला पुन्हा मान्यता लागते, लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते आणि मार्चअखेरीस निधी परत जाण्याची टांगती तलवार असते. अशा वेळी अभियंत्याने कानावर हात ठेवले, तर तो उद्धट आहे असे समजायचे कारण नाही. त्याच्या हातात तेव्हा काही राहिलेलेच नसते. लोक मात्र जेसीबी दारात आल्यावरच जागे होतात, कारण त्याआधी त्यांना कळवण्याची तरतूदच नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नगररचना कायद्यानुसार हरकती मागवाव्या लागतात. पण आराखडा दोन दशकांतून एकदा होतो आणि त्यातला रस्ता म्हणजे नकाशावरच्या दोन समांतर रेषा असतात. त्या रेषांमध्ये नेमके काय बांधायचे, हे ठरताना कुणाची हरकत मागवली जात नाही.

आता रस्त्यालगतच्या माणसाला असे काय ठाऊक असते, जे अभियंत्याला ठाऊक नसते? पहिली गोष्ट उंचीची. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या बाजारपेठेत पाहा, दुकानाच्या दोन-तीन पायऱ्या आता रस्त्याखाली गेलेल्या दिसतात. डांबरावर डांबर चढत गेले, त्यावर सिमेंट काँक्रीट आले. खाली भरीचा थर, वर सहा-आठ इंचांचा मुख्य थर. जुना रस्ता खरवडून न काढता हे ओतले की रस्ता जवळपास फूटभर वर येतो. मग आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी दुकानात शिरते आणि दुकानदार दारासमोर स्वतःचा उतार बांधतो. त्या उतारामुळे नाली बुजते, आणि बुजलेल्या नालीला नगर परिषद अतिक्रमण म्हणते. कोणत्या कोपऱ्यावर पाणी तुंबते, कोणत्या वर्षी ते कुठल्या ओट्यापर्यंत चढले होते, हे तिथे पिढीजात बसणारा माणूस बोटाने दाखवतो. सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले असेल, तर यंत्राला यातले काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची, आणि हिंगोलीत ती फार महत्त्वाची आहे. हा हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये आसपासच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. हळद निघते हिवाळ्याच्या शेवटी, शिजवून वाळवून बाजारात येते ती मार्च ते मे या काळात. रस्त्याच्या कामाचा जोरही नेमका तेव्हाच असतो, कारण पावसाळ्यात काम होत नाही आणि मार्चअखेर बिल काढायचे असते. काँक्रीटवर पाणी मारत, अवजड वाहने रोखून चार आठवडे थांबावे लागते. म्हणजे मालाने भरलेले ट्रक आणि पाणी मारलेला रस्ता एकमेकांसमोर येतात. आडत्याला, हमालाला, टेम्पोवाल्याला हे महिने तोंडपाठ आहेत. तसाच दसरा. रामलीला मैदानावरच्या इथल्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि त्या दिवसांत जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे शहरात येतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या रस्त्यांवर काय होते, हे वेगळे सांगायला नको. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. कामाचे टप्पे या दिनदर्शिकेवर बसवायला एक पैसा जास्त लागत नाही, फक्त ते निविदेत लिहावे लागतात. निविदेत लिहिले नसेल तर कंत्राटदार स्वतःच्या सोयीची दिनदर्शिका लावतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

तिसरी गोष्ट, कुणाचे पोट रस्त्यावर आहे याची मोजणी. इथे हिंगोलीतून मुंबईला जावे लागते, कारण महाराष्ट्रातल्या शहरी रस्त्यांच्या इतिहासात या चुकीची सर्वांत सविस्तर नोंद तिथेच झाली आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता हा मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा भाग होता. साडेसहा किलोमीटरच्या आसपासची लांबी. जागतिक बँकेने २००२ मध्ये त्या प्रकल्पाला सुमारे ५४ कोटी डॉलरचे कर्ज आणि पतपुरवठा मंजूर केला. विस्थापित होणाऱ्यांचा सुरुवातीचा अंदाज ८० हजारांच्या घरात होता, तो पुढे एक लाख वीस हजारांवर गेला. या फरकाहून गंभीर बाब अशी की कुर्ल्यातले दुकानदार आणि छोटे कारखानदार जणू गृहीतच धरलेले नव्हते. पुनर्वसनाचे धोरण झोपडीधारकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते. ज्याचे दुकान हजार चौरस फुटांचे, त्यालाही २२५ चौरस फुटांचा गाळा, तोही लांब. दुकानदारांच्या संघटनांनी २००४ मध्ये थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने २००५ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात माहितीतल्या आणि सल्लामसलतीतल्या त्रुटींवर बोट ठेवले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे रोखले, काही महिन्यांनी पुन्हा सुरू केले. २००३ मध्ये हाती घेतलेला तो रस्ता वाहतुकीला खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये. सगळा उशीर दुकानदारांमुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. रेल्वेवरच्या पुलाच्या अडचणी होत्या, कंत्राटाच्याही होत्या. पण ज्या गोष्टी सहा महिने आधी, एका टेबलाभोवती बसून निस्तरता आल्या असत्या, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनहून माणसे यावी लागली.

त्याच प्रकल्पाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांची मोजणी तिथल्या रहिवाशांच्याच संघटनेने 'स्पार्क' या संस्थेच्या साथीने करून ठेवली होती. कोणाची झोपडी कुठून कुठपर्यंत, कुटुंबात किती माणसे, कोण कोणाशेजारी राहायला तयार आहे, याच्या याद्या हटवण्याआधीच हातात होत्या. तिथली हजारो कुटुंबे तुलनेने शांतपणे हलली. नव्या वसाहतींतल्या हालअपेष्टा हा निराळा आणि लांबलचक विषय आहे, तो मी इथे झाकू पाहत नाही. पण एकाच प्रकल्पात, एकाच शहरात, एकाच सरकारच्या हाताखाली ज्यांनी स्वतःला आधी मोजले ते हलले, आणि ज्यांना कुणी विचारले नाही ते तक्रार घेऊन उभे राहिले. यातले रेल्वेकाठचे लोक गरीब होते आणि कुर्ल्याचे दुकानदार तुलनेने सधन. म्हणजे विरोध हा गरिबीचा किंवा अज्ञानाचा परिणाम असतो, हा साहेबी समज इथे टिकत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण पैशांच्या बाजूने बोलके आहे. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि तीस वर्षे टोल घ्यायचा, असा सुमारे २२० कोटींचा करार झाला. रस्ते झाले. ज्यांनी रोज त्यावरून जायचे आणि पैसे मोजायचे, त्यांच्याशी टोलबद्दल बोलणे झाले ते रस्ते झाल्यावर. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे आंदोलनाच्या पुढे होती, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. कंपनीला सरकारने सुमारे ४६० कोटी रुपये देण्याचे मान्य केले. २२० कोटींचा रस्ता आणि त्याच्या दुपटीहून मोठी रक्कम तो सोडवून घ्यायला, हा हिशेब 'लोकांना विचारत बसलो तर वेळ जातो' असे म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवावा असा आहे.

वेळ जातो, हा आक्षेप तरीही गंभीरपणे घ्यायला हवा. छोट्या नगर परिषदेत एक-दोन अभियंते असतात आणि तेच पाणीपुरवठा, घरकुल, स्वच्छता सगळे पाहतात. निधी मंजूर होतो मुंबईत, तो कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आला की तीन महिन्यांत खर्च दाखवायचा असतो. अशात बैठका कोण घेणार? माझे उत्तर असे की निधीची वाट पाहण्याचा काळ हाच बैठकांचा काळ आहे. कोणते पाच-सहा रस्ते पुढच्या तीन वर्षांत करायचे, हे शहरात सर्वांना साधारण माहीत असते. त्यांची उंची, नाली, हंगाम आणि तिथे बसणारी माणसे यांच्या नोंदी आधी करून ठेवता येतात. निधी आला की अंदाजपत्रक त्या नोंदींवर बसवायचे. घाईघाईत सुरू केलेले काम लवकर संपते, असाही अनुभव नाही. नाशिकच्या स्मार्ट रस्त्याची लांबी त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ, फक्त १.१ किलोमीटर. २०१८ मध्ये तो खणायला घेतला, एकामागून एक मुदती उलटल्या आणि व्यापारी, शाळा, न्यायालयात येणारे पक्षकार असे सगळेच त्या खड्ड्याभोवती वळसे घालत राहिले. मोठी महापालिका, वेगळी कंपनी, भरपूर निधी असूनही असे झाले.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. बैठक बोलावली की तिथे येणार कोण? मोठ्या आवाजाचा व्यापारी, प्रभागातला पुढारी आणि रुंदीकरणात ज्याचे बेकायदा बांधकाम जाणार आहे तो. ज्याने पाच फूट पुढे ओटा काढला, त्याला विचारायचे म्हणजे अतिक्रमणाला मान देणे नव्हे का? हा धोका खरा आहे. म्हणून बैठकीत कोणाला बसवायचे ते हात वर करणाऱ्यांवर सोडून चालत नाही. याबाबत एक कायदा आपल्याकडे आहे, पण त्याकडे क्वचितच कुणी वळून पाहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. लोकसंख्येची तीन लाखांची अट इथे नाही. म्हणजे हिंगोलीच्या जवाहर रोडवर किंवा गांधी चौकात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला रस्त्याबद्दल बोलण्याचे जे कायदेशीर दार आहे, ते तिच्यामागच्या पक्क्या दुकानदारालाही नाही! त्या समितीला रस्त्याचा आराखडा मान्यतेपूर्वी दाखवावा, एवढी ओळ मुख्याधिकाऱ्यांच्या परिपत्रकात घालायला शासन निर्णयाची गरज नाही. ऑटोरिक्षा संघटना, बाजार समितीतले हमाल, रस्त्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक, रुग्णालयाचा रुग्णवाहिका चालक यांना नावानिशी बोलवावे. आणि अतिक्रमणाबद्दल आधी सांगून टाकावे की ओटा जाणार, त्यावर चर्चा नाही. चर्चा आहे ती ओटा गेल्यावर पाणी कुठे जाईल याची. विचारणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जिथे स्पष्ट सांगितले जाते, तिथे बेकायदा बांधकामवाल्याचा आवाज आपोआप उतरतो, कारण त्याला चर्चेत टिकेल असे काही उरत नाही.

समृद्धी महामार्गाचा दाखला देऊन काही जण म्हणतील की एवढा खटाटोप कशाला, मोबदला चांगला दिला की विरोध मावळतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला हे खरे. पण सरकारने सुरुवातीला आणलेली भूसंचयाची योजना शेतकऱ्यांनी नाकारली, २०१७ मध्ये थेट खरेदीचा आणि पाचपट मोबदल्याचा मार्ग घ्यावा लागला, गावोगाव बोलणी करायला संवादक नेमावे लागले. म्हणजे तिथेही विचारणे झालेच, फक्त आधी नाकारून घेतल्यावर. त्यानंतरचा शक्तिपीठ महामार्ग हिंगोली जिल्ह्यातूनही आखलेला आहे. मूळ आखणीत वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. रेषा आधी राजपत्रात आली, बोलणी नंतर. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची प्रक्रिया सरकारला मागे घ्यावी लागली आणि जून २०२५ मध्ये भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिल्यावरही वाद थांबला नाही. शिवाय मोबदल्याचा उपाय शहरात चालतच नाही. महामार्गाला लागणारी जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, म्हणून पाचपट कुणाला द्यायचे ते कळते. शहरातला रस्ता सरकारचाच. त्यावर ज्याचे सहा महिने बुडतात तो दुकानाचा भाडेकरू असतो, हातगाडीवाला असतो, काळीपिवळीचा चालक असतो. त्याचे नुकसान भरून देण्याची कुठलीही सोय नाही. त्याला फक्त आधी सांगता येते, काम तुकड्यातुकड्यांत करता येते आणि एक बाजू चालू ठेवता येते.

लोकांना बदल नकोच असतो, हा तिसरा आक्षेप. दुभाजकाला विरोध, एकेरी वाहतुकीला विरोध, पार्किंग हटवायला विरोध. हे बरेचसे खरे आहे, पण विरोध बहुधा न पाहिलेल्या गोष्टीला असतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावले ते आधी सात महिन्यांच्या चाचणीपुरते. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. चाचणीत रस्ते मोकळे झालेले पाहिले आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला. पुण्याने औंधमध्ये पदपथ रुंद करताना आधी तात्पुरते अडथळे लावून चाचणी घेतली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला सुरुवात केली. यातले काय टिकले आणि काय नाही, यावर पुणेकर वाद घालतीलच. पण हिंगोलीत चुना आणि दोरी यांच्या खर्चात हे करता येते. नियोजित दुभाजकाच्या जागी आठवडाभर मातीने भरलेले पिंप ठेवा, रस्त्याची नवी उंची दुकानांच्या भिंतींवर लाल रंगाने आखा. नकाशा ज्याला वाचता येत नाही, त्याला ती लाल रेघ वाचता येते, आणि हरकत असेल तर ती त्याच दिवशी, त्याच भिंतीपाशी ऐकू येते.

राहतो तो बैठकीच्या वेळेचा प्रश्न, आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. सकाळी अकराला नगर परिषदेच्या सभागृहात बैठक ठेवली, की तिथे दुकान सोडून येऊ शकणारेच येतात. हिंगोलीचा रस्ता जितका हिंगोलीकरांचा आहे, तितकाच सेनगाव आणि औंढ्याहून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. त्याचे मत नगर परिषदेच्या यादीत नाही, त्याला नगरसेवक नाही. तो सापडतो लिलावाच्या दिवशी, मार्केट यार्डात, वजनकाट्यापाशी रांगेत. आराखड्याचा फलक तिथे लावावा, कनिष्ठ अभियंत्याने दोन तास तिथे थांबावे, आणि आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर का, हे एका ओळीत लिहून तो कागद अंदाजपत्रकाला जोडावा. तो कागद जोडलेला नसेल तर तांत्रिक मान्यतेची फाईल पुढे पाठवायची नाही, असा ठराव नव्या सभागृहाला करता येईल.